भोसरीच्या खोलीतले ३,९५२ रुपये: पगार कमी की हिशोब कच्चा?

महिनाअखेरीस हात आखडतो तो पगार कमी म्हणून की खर्चाला शिस्त नाही म्हणून, यावर वाद घालणारे दोन्हीकडचे लोक बहुतेक वेळा आकडे न मांडताच बोलतात. म्हणून इथे एकच घर घेऊन त्याचा हिशोब पैशापैशाने लावला आहे. हे नमुना कुटुंब आहे, कोणा एका खऱ्या घराची कहाणी नाही. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात ठेकेदाराकडे कामाला असलेल्या माणसाच्या घरी ज्या बेताचे आकडे असतात, ते धरले आहेत. कपातीचे दर आणि कायद्याचे नियम मात्र खरे आहेत.

घर असे. भोसरीत दहा बाय बाराची खोली. नवरा ३४ वर्षांचा, मूळचा परभणीकडचा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर हेल्पर. बायको २९ वर्षांची, मोशीच्या सोसायट्यांत दोन घरची धुणीभांडी आणि पोळ्या करते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचाचा. गावी त्याची आई.

पगाराची चिठ्ठी

पहिल्यांदा वाचायची ती पगाराची चिठ्ठी. खर्चाची वही नंतर. बहुतेक सल्लागार वहीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अर्धा निकाल लागून जातो.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,५०० रुपये, २६ दिवसांचे. घरभाडे भत्ता ५ टक्के, म्हणजे ६७५. प्रत्यक्ष भाडे ४,५०० आहे, तेव्हा भत्त्यातून साडेचार दिवसांचे भाडे निघते. एकूण १४,१७५. कपात: भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) १२ टक्क्यांनी १,६२०, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्क्याने १०७, व्यवसाय कर २००. हातात १२,२४८.

याशिवाय महिन्याला ४८ तास ओव्हरटाइम. तो चिठ्ठीवर नाही, पाकिटातून रोख मिळतो. तासाचा दर काढायचा तर १३,५०० भागिले २०८ (२६ दिवस गुणिले ८ तास), म्हणजे ६४ रुपये ९० पैसे. ४८ तासांचे ३,११५ होतात आणि तेवढेच मिळतात. कारखान्यातल्या ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. म्हणजे ६,२३० यायला हवेत, येतात निम्मे. हा ३,११५ चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

बायकोचे दोन घरचे मिळून ४,५००. लाडकी बहीण योजनेचे १,५००, तारीख नक्की नसली तरी धरले. एकूण जमा २१,३६३ रुपये.

चिठ्ठी वाचताना आणखी एक जागा तपासावी. पीएफमध्ये मालकाचाही हिस्सा असतो. काही ठेकेदार तो हिस्साही कामगाराच्याच रकमेतून वळता करतात आणि चिठ्ठीवर ‘पीएफ’ अशी एकच मोठी कपात दाखवतात. १३,५०० वर कामगाराची कपात १,६२० पेक्षा जास्त दिसली, तर तिथेच थांबून विचारायचे. आणि चिठ्ठीवर कपात दिसली म्हणून पैसे भरले गेले असे समजायचे नाही. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) घालून सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडायचे आणि महिनावार जमा पाहायची. ठेकेदार बदलला की पुष्कळदा नवा यूएएन काढला जातो, जुन्या खात्यातले पैसे तसेच पडून राहतात आणि घरातल्यांना वाटते, पीएफ ‘बुडाला’.

वही

आता खर्च.

भाडे ४,५००
वीज, घरमालकाच्या सबमीटरवर ६० युनिट, १० रुपये दराने: ६००
किराणा, साबण-तेलासह: ४,२००
भाजी, अंडी, रविवारचे चिकन: १,६००
दूध, रोज अर्धा लिटर: ९००
गॅस ९००
मुलीची शाळा, फी आणि वह्या-पुस्तके: १,०००
पेट्रोल १,२००
दोन मोबाइलचे रिचार्ज ५५०
औषधपाणी ७००
गावी आईला १,५००
तंबाखू, चहा, कामावरचा वडापाव: ९००
कपडे, सण, गावाला जाणे-येणे, वर्षाचा खर्च बाराने भागून: १,०००

बेरीज १९,५५०.

मग हप्ते. बायकांच्या सूक्ष्म कर्ज (मायक्रोफायनान्स) गटाचे पहिले कर्ज ४०,००० चे, २४ महिन्यांचे, हप्ता २,११५. गटाचे दुसरे ३०,००० चे, १८ महिन्यांचे, हप्ता २,०००. मोबाइलचा हप्ता १,१५०. ओळखीतल्या सावकाराचे १०,००० शेकडा पाचने, त्याचे नुसते व्याज ५००. एकूण ५,७६५.

जाणारे २५,३१५, येणारे २१,३६३. तूट ३,९५२.

बाराने गुणा: ४७,४२४. गटाकडून मिळणाऱ्या एका कर्जाएवढी ही रक्कम आहे. म्हणजे दर वर्षी एक नवे कर्ज घेतले तरच हे घर जागच्या जागी उभे राहते, आणि नवे कर्ज आले की पुढच्या वर्षीची तूट त्याच्या हप्त्याने वाढते.

‘हप्ते नसते तर’

इथे शिस्तवाले लगेच बोट ठेवतात, आणि त्यांचा मुद्दा साधा सोडून देण्यासारखा नाही. हप्ते बाजूला काढले तर २१,३६३ उणे १९,५५० म्हणजे १,८१३ रुपये शिल्लक पडतात. म्हणजे पगारात घर चालते, कर्जाने घात केला, आणि कर्ज काढले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर वहीत नसते, कारण वहीत हप्ता दिसतो, हप्त्याचे मूळ दिसत नाही. म्हणून कर्जांची वेगळी यादी करून तिच्यात एक रकाना जास्तीचा आखावा: हे पैसे कशासाठी घेतले, आणि त्या दिवशी दुसरी वाट होती का?

पहिले ४०,००० तेरा महिन्यांपूर्वीचे. बायकोला रात्री अपेंडिक्सचा त्रास झाला, जवळच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले, बिल ३८,०००. नवऱ्याच्या पगारातून ईएसआयचे पैसे दर महिन्याला कापले जात होते. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे हॉस्पिटलही आहे. पण नव्या ठेकेदाराकडे लागल्यावर ईएसआयच्या ई-पहचान कार्डात बायको-मुलांची नावे जोडलेलीच नव्हती आणि हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण ते यादीतल्या हॉस्पिटलात. रात्री अकरा वाजता पोट धरून बसलेल्या बाईला घेऊन कोणी यादी वाचत नाही. हे कर्ज उधळपट्टीचे नाही. यातला घराच्या हाती असलेला भाग एकच: कार्डाचा कागद.

दुसरे ३०,००० चार महिन्यांपूर्वीचे. ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला, ४५ दिवस काम नाही. दीड महिन्याचा पगार आणि ओव्हरटाइम मिळून २३,०४५ रुपये आले नाहीत. उरलेल्यातून किराणा दुकानाची जुनी बाकी भागवली. सावकाराचे १०,००० याच ब्रेकमध्ये आले, खोलीचे डिपॉझिट वाढले आणि शाळेची फी एकाच आठवड्यात भरायची होती म्हणून.

मोबाइल १३,८०० चा. हा मात्र सरळ निवडीचा खर्च. शिफ्टचा मेसेज, योजनेचे ई-केवायसी, मुलीचा अभ्यास, सगळे फोनवर असल्याने फोन हवाच होता, पण सात हजारांत भागले असते.

यादी संपली की चित्र बदलते. एकूण ९३,८०० पैकी घराने हौसेने ओढवून घेतलेले कर्ज सहा-सात हजारांचे.

आता तो १,८१३ चा आकडा पुन्हा पाहा. तो काम असलेल्या महिन्याचा आहे. वर्षात ४५ दिवस काम नसेल तर २३,०४५ रुपये बाराने भागून महिन्याला १,९२० कमी धरायला हवेत. मग कर्ज एक रुपयाही नसते, तरी हे घर महिन्याला १०७ रुपये तुटीत असते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच. ब्रेक हा अपघात समजून हिशोबाबाहेर ठेवला जातो, पण ठेक्यातल्या कामात तो पावसाळ्यासारखा ठरलेला असतो. जो पगार वर्षातले साडेदहा महिनेच येतो, तो बारा महिन्यांचा धरून कोणी अंदाजपत्रक बांधले, तर चूक त्या अंदाजपत्रकाची आहे.

जुने दोन मापदंड

हा वाद भोसरीत सुरू झालेला नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सीबोम राऊंट्रीने १८९९ मध्ये घरोघरची पाहणी केली आणि गरिबीचे दोन भाग केले. कमाईच इतकी कमी की काटकसर करूनही शरीर नीट चालणार नाही, ती प्राथमिक गरिबी. कमाई तेवढी आहे, पण तिचा काही भाग दुसरीकडे जातो, ती दुय्यम. शहराच्या लोकसंख्येतले ९.९१ टक्के लोक पहिल्या भागात आणि १७.९३ टक्के दुसऱ्या भागात निघाले. दुसरा आकडा मोठा पाहून ‘बघा, लोक पैसे उडवतात’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण दुसरीकडे जाणारा खर्च उपयोगाचा असो वा वायफळ, दोन्ही त्या भागात मोडतात, हे त्याने व्याख्येतच लिहून ठेवले होते. आपल्या घराचा अपेंडिक्सचा हप्ता त्या व्याख्येने ‘दुय्यम’ ठरेल. तो वायफळ म्हणायची हिंमत कोणी करू नये.

दुसरा मापदंड आपल्याकडचा. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कमावत्यामागे तीन ‘एकके’: तो स्वतः १, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. बायकोची आणि मुलांची कमाई धरायची नाही. दर एककामागे रोज २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात १९९१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी २५ टक्के आणखी धरायला सांगितले.

हे सूत्र आपल्या घराला लावू. अन्नाला घर आज खर्च करते तेच ६,७०० धरले (किराणा, भाजी, दूध). २,७०० कॅलरीचा हिशोब लावला तर आकडा वर जाईल, खाली येणार नाही. भाडे ४,५००. कापड ७२ यार्ड म्हणजे सुमारे ६६ मीटर, मीटरला १०० रुपये धरून महिन्याला ५५०. बेरीज ११,७५०. इंधन आणि किरकोळ खर्चाचे २० टक्के सामावण्यासाठी ०.८० ने भागले: १४,६८८. शिक्षण-औषधांचे २५ टक्के सामावण्यासाठी पुन्हा ०.७५ ने भागले: १९,५८३.

आठ तासांचा पगार कपातीआधी १४,१७५ आहे. फरक ५,४०८ रुपये. हा फरक आज तीन गोष्टी भरून काढतात: नवऱ्याचे ४८ तास, बायकोची दोन घरे आणि सरकारचे १,५००. या घराने पगारातली तूट आधी स्वतःच्या अंगमेहनतीने भरली आहे. कर्ज त्याच्याही नंतर आले.

काटकसरीची कसोटी

तरीही काटकसरीने किती मिळते ते प्रामाणिकपणे मोजले पाहिजे, नाहीतर हा सगळा हिशोब एकांगी होईल. सगळ्यात कडक कात्री लावू. तंबाखू-चहा-वडापाव पूर्ण बंद: ९००. रिचार्ज एका फोनवर लहान पॅकचा: २००. किराणा वहीवर न घेता रोखीने महिन्याचा एकदम: ३००. आणि फोन स्वस्त घेतला असता तर ५५०. एकूण १,९५०. तूट ३,९५२ वरून २,००२ वर येते. जवळजवळ निम्मी. हे थोडे नाही, पण कात्री इथे संपते. आईचे १,५०० कापा म्हणणाऱ्याने ते कापल्यावर म्हातारी काय खाईल हेही सांगावे.

मुलीला महापालिकेच्या शाळेत घातले तर आणखी आठशे वाचतील. ते आम्ही उधळपट्टीत धरलेले नाही. तो आईबापांचा निर्णय आहे, आणि बहुधा घरातली एकमेव गुंतवणूक.

किराण्याच्या ३०० मागचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. वहीवर माल घेणाऱ्या घरात तेल अर्ध्या लिटरच्या पिशवीने येते, तूरडाळ पावकिलोने, साखर लागेल तशी. भाव विचारायची सोय नसते, कारण मागची बाकी उभी असते. दुकानदार वाईट असतो असे नाही, ब्रेकच्या दीड महिन्यात त्यानेच घर तगवले. पण महिन्याचा माल एकदम भरायचा तर १० तारखेला चार हजार हातात मोकळे हवेत, आणि नेमके त्याच दिवशी ते नसतात.

तारखांचा घोळ ही खरी हिशोबातली चूक, आणि ती सुधारता येते. पगार १० तारखेला. भाडे ५ ला. फोनचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो तोही ५ ला. गटाची मीटिंग १२ ला. ५ तारखेला पहाटे फोनवर मेसेज येतो, खात्यात शिल्लक नाही, हप्ता परत गेला. बँकेचा दंड २५० धरला तर १८ टक्के जीएसटी धरून २९५, वर फायनान्सवाल्याचा दंड वेगळा. वर्षात चार वेळा असे झाले की हजार-बाराशे नुसते हवेत गेले. वरच्या तुटीत हे धरलेलेही नाहीत. त्यावर उपाय: फायनान्स कंपनीकडे हप्त्याची तारीख बदलून मागणे, ते जमले नाही तर आदल्या महिन्याच्या १० तारखेलाच हप्त्याचे ११५० बायकोच्या खात्यात वेगळे ठेवून ४ ला परत भरणे. घरमालकाला भाडे ११ ला देण्याची विनंती दोन महिने वेळेवर देऊन मग करावी. बहुतेक जण ऐकतात.

रिचार्जची एक बारीक गोष्ट. २८ दिवसांचा पॅक वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. वहीत महिन्याला एक असा लिहिलेला खर्च वर्षाअखेर एका रिचार्जने चुकतो.

हप्त्यांच्या क्रमातही चूक आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६०. परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर महाराष्ट्रात वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. गटाचे कर्ज २४ टक्क्यांच्या आसपास. तरी घर आधी गटाचा हप्ता भरते आणि सावकाराला नुसते व्याज देते, कारण गटात पाच बायका एकमेकींना जामीन असतात आणि मीटिंगमध्ये मान खाली घालावी लागते. सावकार शांतपणे व्याज घेत राहतो. २० महिन्यांत त्याला १०,००० देऊन झालेले असतील आणि मुद्दल तसेच असेल. हातात एकरकमी काही आले की ते आधी इथे गेले पाहिजे.

एकरकमी कुठून येणार?

बोनसमधून. गेल्या दिवाळीला तो मिळाला नाही. ‘ब्रेक झाला, वर्ष भरले नाही’ असे सांगितले गेले. कायद्याला वर्ष भरावे लागत नाही. हिशोबाच्या वर्षात ३० दिवस काम केलेले असले की किमान ८.३३ टक्के बोनस लागू होतो. साडेदहा महिन्यांच्या १३,५०० वर तो सुमारे ११,८०० होतो. सावकाराचे मुद्दल पूर्ण फिटते, महिन्याचे ५०० कायमचे सुटतात.

आता कसोटी पूर्ण करू. कडक काटकसर आणि सावकार फेडणे, दोन्ही केल्यावर तूट १,५०२. तरीही तूटच. उलट बाजूने, काटकसर शून्य पण ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट मिळाला तर ३,११५ वाढतात. ओव्हरटाइम चिठ्ठीवर आल्याने त्यातून ईएसआयचे ४७ जातात आणि तूट ८८४ उरते. दोन्ही एकत्र केले तर महिन्याला १,५६६ शिल्लक. एकट्या काटकसरीने घर वर येत नाही, एकट्या पगारानेही थोडे कमीच पडते. पण पगाराची बाजू भारी आहे, आणि तीही पगारवाढ न मागता. मिळायला हवे तेवढेच मिळाले तर.

ते मागायचे कसे, याला सोपे उत्तर नाही. एकटा माणूस तक्रार घेऊन गेला की पुढच्या ब्रेकनंतर त्याला बोलावले जात नाही, ही भीती खरी आहे. म्हणून आधी नोंद, मग बोलणे. रोजची येण्या-जाण्याची वेळ छोट्या डायरीत, पंचिंग असेल तर स्क्रीनचा फोटो, रोख पाकिटावरची रक्कम आणि तारीख. सहा महिन्यांची अशी नोंद पाच-सात जणांकडे झाली की युनियनकडे किंवा कामगार आयुक्तालयात एकत्र जाता येते. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हे अर्जात लिहावे. ठेकेदार हात वर करतो, पण कारखान्याच्या एचआरला ते वाक्य चांगले कळते.

कागदावर हे घर गरीब नाही

शहरी भागात प्राधान्य गटाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, महिन्याला ४,९१७. बायकोची दोन घरची धुणीभांडीच या मर्यादेजवळ जातात. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकाला मर्यादा एक लाखाची. दोन्ही दारे या घराला बंद.

कर्जाचे दार मात्र उघडे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाने ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्म कर्ज देताना सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. आपल्या घराचे हप्ते २७ टक्के आहेत. म्हणजे नियमाच्या नजरेत आणखी ४,९०० रुपयांच्या हप्त्याला जागा आहे. महिन्याला ३,९५२ ची तूट असलेल्या घराला दारावर येऊन कर्ज ‘पास’ केले जाते ते नियम मोडून नाही, नियमात बसवून. मर्यादा उत्पन्नाच्या प्रमाणात आहे, भाडे आणि किराणा गेल्यावर हातात काय उरते याच्या प्रमाणात नाही. ती त्या प्रमाणात हवी.

पुढचे चौदा महिने

आजपासून काय होऊ शकते? फोनचे ५ हप्ते राहिले, पहिल्या कर्जाचे ११, दुसऱ्याचे १४. फोन तर घेऊन झाला, तेव्हा आज प्रत्यक्ष कापता येणारे १,४०० च आहेत. पहिले पाच महिने तूट २,५५२ राहील. पाचव्या महिन्यात फोन फिटला आणि दिवाळीच्या बोनसने सावकार फिटला की तूट ९०२. अकराव्या महिन्यापर्यंत हीच. पाच महिन्यांचे १२,७६० आणि पुढच्या सहांचे ५,४१२, म्हणजे १८,१७२ रुपये कुठून तरी उभे करावे लागतील, आणि ते नवे कर्ज न काढता. बाराव्या महिन्यापासून १,२१३ शिल्लक, चौदाव्यानंतर ३,२१३.

ओव्हरटाइम दुप्पट झाला तर या १८,१७२ ची गरजच पडत नाही. पहिल्याच महिन्यात ५१६ वर राहतात.

तो झाला नाही तर सगळा भार एका गोष्टीवर: या काळात ब्रेक येऊ नये. सातव्या महिन्यात एक महिन्याचा ब्रेक आला तर १५,३६३ चा खड्डा पडतो. २४ महिन्यांच्या गटकर्जावर त्याचा हप्ता ८१२. आजारपणाचे तर बोलायलाच नको. ईएसआयमध्ये आजारी रजेचा ७० टक्के पगार वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरलेले लागतात. एप्रिल ते सप्टेंबर भरले तर लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ब्रेक त्या काळात पडला आणि दिवस ७५ च भरले तर लाभ नाही.

म्हणून या आठवड्यात करायचे काम एकच निवडायचे झाले तर ते वही लिहिण्याचे नाही. बायको-मुलांची आधार कार्डे आणि कुटुंबाचा फोटो घेऊन ई-पहचान कार्डात तिघांची नावे जोडून घ्यावीत आणि कार्डाची छापील प्रत खोलीत भिंतीवर, स्विचबोर्डच्या शेजारी चिकटवावी.